मरळीच्या तोंडातलं घुंगरू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुलं आपापले लाकडी बैल सजवतात, दोरीने ओढत घरोघर नेतात, आणि मोठ्यांनी त्यांच्या हातावर खाऊ ठेवायचा. यंदाही आमच्या जिन्यावरून बैल आले. यवतमाळच्या या तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत त्यांची चाकं प्रत्येक पायरीवर आपटतात आणि गळ्यातली घुंगरं खणखणतात. दार उघडण्याआधी मी थोडी थांबते. दरवर्षी थांबते. ती घुंगरं पितळेची, त्यांचा आवाज जाड, एकमेकांवर आदळणारा. त्या गलक्यातून मी एक बारीक, एकटा आवाज निवडून काढू पाहते. तो नसतो. मग मी दार उघडते आणि राजगिऱ्याचे लाडू वाटते.

रेवा, त्याच संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला. तू टेबलावरचा सगळा पसारा मला दाखवलास. शिशाचं वाटाण्याएवढं डोकं असलेले गळ, कोंबड्याची पिसं, रंगीत रबराच्या झिरमिळ्या, आणि गळ घट्ट धरून ठेवायला तुझ्या बाबांनी आणलेला तो छोटा शिकंजा. "आजी, ह्याला जिग म्हणतात. मी स्वतः बनवला," असं तू म्हणालीस, आणि तुमच्या तळ्यातला बास मासा कसा पाणगवतात दबा धरून बसतो तेही सांगितलंस. मग विचारलंस, "आजोबासुद्धा बनवायचे ना? आई म्हणाली. त्यांचं काही आहे तुझ्याकडे? मला आत वाजणारं काहीतरी हवंय. आवाज झाला की बास येतो."

मागून निहार म्हणाला, "हिला माशाला आरतीला बोलवायचंय."

मी म्हटलं, शोधते. खरं तर माझ्या घरात काही शोधावं लागत नाही. शिवणाचा डबा कपाटात डाव्या बाजूला असतो, आणि त्या डब्यात तळाला काय आहे तेही मला ठाऊक होतं. फक्त ते देण्याआधी एका हंगामाबद्दल सांगायला हवं होतं, आणि फोनवर ते मला जमलं नसतं. म्हणून लिहिते आहे. हे तुम्ही दोघांनी आईजवळ बसून वाचा.

तो हंगाम असाच होता, पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा. पाऊस ओसरलेला, पण गेलेला नाही. सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं. कपाशीला फुलं, सकाळी पांढरी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतात. हवेत ओल्या मातीपेक्षा कुजत्या पाल्याचा वास जास्त. दुपारचं ऊन एकदम कडक, आणि संध्याकाळ झाली की पाण्याच्या बाजूने थंड झुळूक. आम्ही तेव्हा घाटंजीला होतो. आजोबा तिथल्या सरकारी दवाखान्यात गुरांचे डॉक्टर होते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. गावाबाहेर मोठं तळं होतं. आजोबा संध्याकाळी सायकलवर टांग मारून तिकडे जायचे.

तळ्यात मरळ होती. तुमचा बास तशी आमची मरळ. लांब, काळपट, सापासारख्या डोक्याची. तीही दबा धरून बसते. फरक एवढाच की मरळीला श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं. तळं अगदी निवांत असलं की मधूनच एक लहानसा आवाज येतो, कोणी ओठ मिटून उघडावेत तसा. ती मरळ असते. हवेचा घोट घेते आणि खाली जाते.

तिच्यासाठी आजोबा खोटी आमिषं बनवायचे. घरात आम्ही त्यांना 'फसवे' म्हणायचो. ते बनवण्याचं सगळं सामान एकतर दवाखान्यातलं होतं, नाहीतर माझ्या घरातलं. मोडलेल्या हाडांना लावायच्या प्लास्टरचे साचे केले होते. शिसं वितळवायला माझी जुनी पळी गेली. म्हशीच्या बाळंतपणात वापरायचे लांब रबरी हातमोजे फाटले की त्यांचे बेडकाचे पाय व्हायचे, आणि बेडकाचं धड म्हणजे माझ्या हिरव्या चपलेची टाच. बैलाच्या शेपटीचे केस, कोंबड्याच्या मानेची पिसं, हे सगळं जखम शिवायच्या रेशमी दोऱ्याने बांधलेलं. गाठ इतकी घट्ट आणि नीटनेटकी की मला, इतर बाबतीत कितीही राग आला तरी, त्या गाठीचा राग येत नसे. बेडकाचे डोळे माझ्या लाल नेलपॉलिशचे. एकदा माझ्या चमच्यांच्या सेटमधला एक चमचा कमी भरला. दांडा कापून त्याचा चकाकता मासा झाला होता.

"बाराचे अकरा झाले," मी म्हटलं.

"अकराच पाहुणे बोलव," आजोबा म्हणाले.

आमच्याकडे पार्बताबाई मासे घेऊन यायची. तळ्यावर जाळी टाकणाऱ्या भोई घरांपैकी एक घर तिचं. टोपली ओट्यावर ठेवून ती आजोबांचे फसवे हातात घेऊन बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. "गुरायचा डाक्तर अन् मासोयीले चपलेचा बेंडुक दाखोते. बाई, तुमी यायले नुसतं जाळं घेऊन द्या ना. कायले एवढा खटाटोप?"

"बाई, जाळ्यानं मासा मिळतो," आजोबा म्हणायचे. "यानं त्याची ओळख होते."

"मंग झाली का ओयख? नाव काय सांगते ते?"

खोट्या आमिषाची एक गोष्ट मला तेव्हापासून चमत्कारिक वाटत आली आहे. मासा ते नेहमी भुकेनं घेत नाही. पावसाळ्यात मरळीला पिल्लं होतात, शेकडो, तांबूस, आणि ती एकत्र गोळा होऊन पाण्याच्या वरच्या थरात फिरतात, जणू कोणी पाण्याखाली लाल गोंडा हलवतंय. खाली आईबाप राखणीला असतात. त्या गोंड्याजवळ काहीही पडलं, काडी, बेडूक, चपलेची टाच, तर ते तुटून पडतात. खायला नाही, हाकलायला. म्हणून पिल्लांवरची मरळ धरणं सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच घाटंजीच्या तळ्यावर ती कोणी धरत नसे. राखणदार उचलला की घटकाभरात बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. रेवा, परवा तू म्हणालीस की बासचा बापसुद्धा पिल्लांवर पहारा देतो. ते ऐकून मी गप्प झाले, ते रेंज गेल्यामुळे नव्हे.

त्या वर्षी आजोबांना वाजणारा फसवा हवा होता, अगदी तुझ्यासारखाच. पावसाळ्यात पाणी गढूळ, मरळीला दिसत नाही, पण ऐकू येतं. पितळेचं घुंगरू लावून पाहिलं, ते जड, पाण्यात बद्द वाजायचं. मग एक दिवस त्यांना हवं तसं घुंगरू मिळालं. चांदीचं, ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं. तो बेडूक त्यांनी मला बघायला दिला नाही, संध्याकाळी थेट तळ्यावर नेला. सूर्य खाली गेलेला, पाणी सगळं तांबूस दिसत होतं. बाभळीच्या कोपऱ्यात त्यांनी गळ टाकला. पाणी उसळलं, दोरी ताणली आणि तुटली. तेव्हा कुठे त्यांना दिसलं की तिथली लाली सगळीच आभाळाची नव्हती. खाली पिल्लं होती.

हे मला त्या संध्याकाळी कळलं नाही. कळलं ते पोळ्याला. तुमच्या आईच्या लाकडी बैलाला माळ शिवायची म्हणून मी शिवणाचा डबा काढला. मिनू तेव्हा सहा वर्षांची होती, बैलाला शिंगांना कोणता रंग द्यायचा यावर हटून बसलेली. डब्याच्या तळाशी, बटणांच्या पुडीखाली, पांढऱ्या कापडात एक जोडी असायची. ती मी उघडून पाहिली. एका वाळ्याचं एक घुंगरू नव्हतं. कडी नीट उघडून काढलेलं, चिमट्यानं, दवाखान्यातल्या हातानं.

"डब्यातलं घुंगरू तुम्ही घेतलंत?"

"मिनूच्या जुन्या पैंजणातलं ना? हो. फार गोड वाजतं. पितळेला तो आवाज नाही."

"कुठे आहे?"

"मरळीच्या तोंडात," ते हसून म्हणाले, आणि मग दोरी कशी तुटली ते सांगायला लागले.

मी त्यांना बोलू दिलं. मग म्हटलं, "ते मिनूचं नव्हतं. माधूचं होतं."

रेवा, निहार, तुमच्या आईला एक धाकटी बहीण होती. तुमची मावशी. माधवी तिचं नाव, माधू म्हणायचो. त्या पोळ्याच्या आदल्या वर्षी, आठ महिन्यांची असताना, तापात गेली. घरात आम्ही तिचं नाव घेत नव्हतो. ठरवून नव्हे. दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला त्रास होईल. तुमच्या आईने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही, असं करता करता इतकी वर्षं गेली.

ती गेल्यावर माझ्या सासूबाई मायेनं म्हणाल्या होत्या, तान्ह्याच्या अंगावरचं घरात ठेवू नये, जीव अडकतो. कपडे देऊन टाक आणि वाळे वाहत्या पाण्यात सोड. मी कपडे दिले. वाळे पुसून, कापडात गुंडाळून बटणांखाली ठेवले. आजोबांना वाटत होतं ते केव्हाच नदीत गेले. त्यांच्या लेखी घरात चांदीचं घुंगरू उरलं होतं ते फक्त मिनूचं.

ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "हातात घेतलं तेव्हा वाटलं होतं, हा आवाज ओळखीचा आहे."

मला ते घुंगरू परत हवं होतं. दुसरं काही नको होतं. त्या वाळ्यांना मोजून घुंगरं होती, आणि माझ्याजवळ माधूचं मोजता येण्यासारखं तेवढंच होतं. आजोबा रोज संध्याकाळी तळ्यावर जायला लागले. गळ टाकत नव्हते. पिल्लं होती तिथे. नुसते काठावर बसून मरळ वर येते का बघत. आणि ती यायची. हवेचा घोट घ्यायला यायची तेव्हा तोंडाशी लटकलेला तो हिरवा बेडूक पाण्यावर यायचा आणि एकदाच, बारीक, वाजायचा.

तो आवाज दुसऱ्यांनीही ऐकला.

पार्बताबाई एका सकाळी आली ती टोपली न उतरवताच दारात उभी राहिली. "बाई, डाक्तरसायेबाले म्हणा, त्या बाभयीच्या कोपऱ्यात बसत नोका जाऊ. तिथं आसरा आली हाय."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. विहिरीत, तळ्यात राहतात, बायका त्यांना हळदकुंकू वाहतात. मी इंग्रजी शिकलेली, हसायला हवं होतं. हसले नाही.

"कशावरून?"

"म्या सोताच्या कानानं आयकलं. घुंगरू वाजून राह्यलं पाण्यात. पयले इकडं, मंग जरा तिकडं." तिने टोपली खाली ठेवली. "अन् बाई, मोठ्या बाईच्या पायातलं नाई ते. लहान पोरीचं हाय. नुकती चालाले लागलेली असन. दोन पावलं टाकते अन् थांबते."

मी तिला पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, "भेऊ नोका. लहानी हाय. कोनाचं काय वाईट करन?"

माधू कधी चालली नव्हती. पाळण्यात पाय झाडायची तेवढंच. ते वाळे बारशाला घातले, आणि त्यांचा आवाज मला माहीत होता तो एकाच जागेवरून येणारा.

भोयांनी त्या कोपऱ्यात जाळं टाकणं बंद केलं. बाभळीखालच्या दगडाला हळद लागली. आजोबांना हे सहन होईना. एका रात्री जेवताना म्हणाले, "मी उद्या त्यांना खरं सांगतो. मरळ आहे, माझा गळ आहे. पिल्लं आता मोठी होतायत, पांगतीलच. ते जाळं टाकतील आणि घुंगरू तुझ्या हातात येईल."

मी म्हटलं, आधी मला बघू द्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. वर्षभरात मी पहिल्यांदाच तळ्यावर आले होते. ऊन कलतं होतं, कपाशीवरून पोपटांचा थवा ओरडत गेला आणि मग काही हललं नाही. दगडावर हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, नारळाची शेंडी. आणि त्यांच्या बाजूला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा ठेवलेली, एक कुंची होती. तान्ह्या बाळाच्या डोक्याला बांधतात ती.

ती नवी नव्हती. झालर एका बाजूने उसवलेली, बंद चोखून चोखून कडक झालेला. धुतलेली होती, आणि चौकोनी घडी केलेली, कडा कडांना मिळवून. कपड्याची अशी घडी मी करते. कोणी ठेवली ते मला कळलं नाही आणि आजही माहीत नाही. पण घाटंजीत कुठल्यातरी घरात, कपाटात किंवा ट्रंकेत, ती कुंची कोणाला न सांगता ठेवलेली होती, आणि तळ्यात कोणाचं तरी तान्हं चालतंय हे कळल्यावर त्या बाईने ती बाहेर काढली.

पाण्यात ओठ उघडावेत तसा आवाज झाला. मग घुंगरू वाजलं. थोड्या वेळाने जरा पलीकडे, पुन्हा एकदा.

दोन पावलं टाकते अन् थांबते.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "उद्या सांगू ना त्यांना?" असं हळूच विचारलं.

"नको," मी म्हटलं. "वाजू द्या."

येताना ते सायकल हातात धरून चालले आणि मी त्यांच्या बाजूने. वाटेत ते म्हणाले, "माधूला माझं बोट चावायला आवडायचं." मी म्हटलं, "दात यायला लागले होते." घरी येईपर्यंत आम्ही तिच्याबद्दलच बोलत होतो.

दिवाळीच्या सुमारास आवाज थांबला. गळ साधा लोखंडी होता. आजोबा म्हणाले, गंजून तुटला असेल, मरळ मोकळी झाली. पार्बताबाईने आपल्या परीने निकाल लावला. "गेली वाटते बाई तुमची लहानी. आता येईन पुढच्या वर्षी पोयाले." तिने 'तुमची' का म्हटलं ते मी विचारलं नाही. तिचं बोलणंच तसं होतं.

आजोबांनी फसवे बनवणं सोडलं नाही, पुढे बदल्या झाल्या तिथल्या नद्यांवर मासेही धरले. फक्त आवाजाचा फसवा पुन्हा केला नाही. शेवटच्या आजारात, ऐन याच दिवसांत, खिडकी उघडी ठेव म्हणायचे. बाहेर रस्त्यावर ऑटो आणि भोंगे. तरी उघडी ठेव म्हणायचे. मी का ते विचारत नसे, कारण मीही ऐकतच असायचे.

गेल्या वर्षी मी एसटीने घाटंजीला गेले होते. तळं आहे. बाभळी गेल्या, पण दगड आहे आणि त्याला आता शेंदूर लावून वर पत्र्याचं छप्पर केलं आहे. पार्बताबाई राहिली नाही. एक तरुण बाई तिथे दिवा लावत होती. मी नवखी दिसले म्हणून तिने आपणहून सांगितलं, "आजी, हे लहानी आसरा हाय. इच्यापाशी लेकरायच्या पायातलं वाहतात. लेकरू लवकर चालाले लागते." खरंच, खिळ्यांना टांगलेली होती. काळी दोरी, प्लास्टिकचे मणी, पत्र्याची घुंगरं, एखादं चांदीचं. वारा आला की सगळी हलत होती. कोण ही, कुठून आली, असं मी विचारलं. "पयलेपासूनच हाय," ती म्हणाली.

मरळ इतकी वर्षं जगत नाही, हे मला माहीत आहे. घुंगरू चिखलात आहे. हेही माहीत आहे. मी मूर्ख नाही. पण त्या काठावर उभी राहिले तेव्हा पाण्यावर मरळीने तोंड उघडलं, आणि त्यानंतर जी शांतता असते तिच्यात मी वाट पाहत राहिले, शेवटची गाडी चुकेल इतका वेळ.

रेवा, उद्याच्या कुरियरने डबी पाठवते आहे. तिच्यात आजोबांचा एक हिरवा बेडूक आहे, पाय नवे लावावे लागतील, जुनं रबर चुरा होतं. आणि कापसात गुंडाळलेलं एक घुंगरू आहे, त्याच जोडीतलं. बाकीची माझ्याजवळ राहू देत. कडी नाजूक आहे, चिमट्याने उघड. गळ साधा लोखंडी घे, आणि त्याच्या टोकाजवळची उलटी नांगी आधी चेपून टाक, म्हणजे माशाला तो लवकर सोडता येईल. पिल्लांवर बास असेल तिथे टाकू नकोस. संध्याकाळी पाणी तांबडं दिसतं तेव्हा नीट बघ.

आणि दोरी फार जाड लावू नकोस, तुटली तर तुटू दे.